आवाजाची धार

संगीत घरांत आणून ठेवण्याची युक्ति मनुष्यास साधली त्याला आतां सुमारें दीडशें वर्षें होत आलीं. १८७७ सालीं एडिसन ह्यांनीं फोनोग्राफ तयार केला, त्यानंतर दहा वर्षांनीं बर्लिनर ह्यांनीं ग्रामोफोन पुढें आणिला, आणि तेथून आजच्या स्टीरिओ यंत्रापर्यंतची मजल वाचकांस ठाऊकच आहे. परंतु ह्या प्रगतीच्या पाठोपाठ एक तक्रारही सारखी चालत आलेली आहे, आणि तिचा विचार इतिहासाच्या दृष्टीनें सहसा कोणी करीत नाहीं.

ती तक्रार अशी. नवें यंत्र घरीं येतें. आवाज स्वच्छ असतो, एकेक वाद्य निराळें ओळखूं येतें, पण तो कानाला टोचतो. गायिकेच्या तोंडचा 'स' शिट्टीसारखा निघतो, व्हायोलिनला पत्र्याची धार चढते, झांज फुटक्या कांचेसारखी वाजते. पहिलीं दहा मिनिटें मंडळी थक्क होतात. अर्ध्या तासानें कोणीतरी उठून आवाज कमी करतो. महिना दोन महिने लोटल्यावर यंत्रावर फडकें पडतें आणि घरांतील चार माणसांनीं एकत्र बसून गाणें ऐकण्याची जी गोड संवय लागूं पाहत होती ती मोडते. नुकसान पैशाचें होतें तें निराळेंच. पण आमच्या मतें ह्या मोडलेल्या बैठकीचें नुकसान अधिक मोठें आहे.

ह्या तक्रारीवर दोन पक्ष नेहमीं दोन उत्तरें देत आलेले आहेत. एक पक्ष म्हणतो, टोचणारे उंच स्वर कापून टाका, म्हणजे गोडवा येईल. दुसरा म्हणतो, खरें वाद्य तीक्ष्णच असतें. तुमचा कान लाडावलेला आहे, तो कणखर करा. पहिल्या पक्षाच्या हातीं गोडवा लागतो, पण सत्य निसटतें; दुसऱ्याच्या हातीं सत्य लागल्याचा भास होतो, पण श्रोता उठून जातो. ह्या दोहोंपैकीं खरा कोणता, किंवा दोघांचेंही कोठें चुकतें, ह्याचा निवाडा तर्कानें होण्यापेक्षां इतिहासानें अधिक चांगला होतो. म्हणून तो इतिहास थोडक्यांत वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम धार म्हणजे काय तें पाहिलें पाहिजे. कोणताही सांगीतिक स्वर एकटा येत नाहीं. मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर येतात आणि त्यांच्या कमीअधिक प्रमाणावरून सनई सनई वाटते व बांसरी बांसरी वाटते. पियानोची सर्वांत उंच पट्टी दर सेकंदाला सुमारें ४,१८६ कंपनांची असते. कानाची मर्यादा तरुणपणीं २०,००० च्या आसपास जाते. म्हणजे श्रवणाच्या वरच्या भागांत मूळ स्वर जवळजवळ नसतातच, तेथें राज्य उपस्वरांचें. शिवाय कान सर्व कंपनांस सारखा दाद देत नाहीं. १९३३ सालीं फ्लेचर व मन्सन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं प्रसिद्ध केलेल्या मोजणींत तो ३,००० ते ४,००० कंपनांच्या टापूंत सर्वांत हळवा असल्याचें दिसून आलें. कानाची नळी सुमारें अडीच सेंटिमीटर लांब असते आणि तेवढ्या नळीचा अनुनाद नेमका त्याच टापूंत पडतो. ह्या भागांत यंत्रानें थोडी जरी आगळीक केली तरी ती चटकन् टोचते, ह्याचें कारण हें.

ही गोष्ट आपल्याकडील वाद्यकारांस शास्त्राच्या पुस्तकांवांचून ठाऊक होती. मिरजेच्या तंबोऱ्याची कीर्ति सर्वत्र आहे. तो घडविणारीं घराणीं मूळचीं शिकलगारांचीं, म्हणजे तलवारींना धार लावणाऱ्यांचीं; शस्त्रांचे दिवस सरल्यावर तीं वाद्यांकडे वळलीं. तंबोऱ्याची जवारी लावणें हेंही एक प्रकारचें धार लावणेंच होय. घोडीचा माथा किंचित् उतरता घासावयाचा, तार त्यावर नुसती टेकेल आणि थरथरतांना त्याला चाटून जाईल असें करावयाचें, आणि मग तारेखालीं सुताचा बारीक धागा सरकवून ती जागा नेमकी साधावयाची. धागा केंसभर इकडे तिकडे झाला कीं तोच तंबोरा मुका होतो किंवा नुसता झणझणूं लागतो. सर चंद्रशेखर वेंकट रामन् ह्यांनीं १९२१ सालीं आपल्या तंतुवाद्यांवर लिहितांना दाखविलें कीं, ह्या घोडीमुळें तारेंत असेही उपस्वर उत्पन्न होतात, जे तार छेडण्याच्या जागेमुळें नियमाप्रमाणें येऊंच नयेत. तेव्हां उपस्वरांची समृद्धि हा दोष नव्हे. ती तंबोऱ्याची संपत्ति आहे. कोणी खुल्या जवारीचा चाहता असतो, कोणी बंद जवारीचा. पण जवारीच नको असें म्हणणारा गवई आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे. धार असावी, पण ती त्या वाद्याच्या मापाची असावी, हा त्या धाग्याचा धडा आहे. तो ध्यानांत ठेवून यंत्रांच्या इतिहासाकडे वळूं.

१९२५ पूर्वींचें ध्वनिमुद्रण निव्वळ यांत्रिक होतें. गायक कर्ण्याच्या तोंडाशीं उभा राही, कर्ण्याच्या टोकाचा पातळ पडदा थरथरे आणि त्या थरथरीनें सुई मेणाच्या तबकडीवर रेघ कोरी. विजेचें साह्य कोठेंच नव्हतें. ह्या रीतीनें सुमारें २५० ते २,५०० कंपनांपर्यंतचाच ध्वनि बऱ्यापैकीं उमटे. नोव्हेंबर १९०२ मध्यें फ्रेड गैसबर्ग ह्यांनीं कलकत्त्यास गोहरजान ह्यांचें गाणें मुद्रित केलें तें ह्याच मर्यादेंत. अशा तबकडींत उंच उपस्वर जवळजवळ नव्हतेच. मग टोचण्याचें कारण काय होतें? तरीही तक्रार होतीच. पोलादी पिन तबकडीवर घासून खरखर करी, आणि कर्णा व पडदा ह्यांचे स्वतःचे अनुनाद कांहीं स्वरांना एकाएकीं ओरडावयास लावीत. म्हणजे ज्या काळांत उंच स्वर नव्हते त्या काळांतही तीक्ष्णपणा होता. ही गोष्ट वाचकांनीं विशेष लक्षांत ठेवावी, कारण पुढील सर्व इतिहासाचें बीज तिच्यांत आहे.

उपाय हाताशीं होते तेच योजले गेले. १९०६ सालीं निघालेल्या व्हिक्ट्रोला यंत्रांत कर्णा पेटीच्या आंत लपविलेला होता आणि त्याच्यापुढें दोन लहान दारें होतीं. आवाज फार वाटला कीं दारें लोटून घ्यावयाचीं. पिनाही मोठ्या आवाजाच्या व मृदु आवाजाच्या अशा निरनिराळ्या मिळत. त्याहून सौम्य उपाय म्हणजे बांबूची त्रिकोणी पिन. ती मऊ असल्यामुळें खरखर गिळून टाकी. मात्र बोथट झाली कीं कातरीसारख्या हत्यारानें टोंक पुन्हां छाटावें लागे. पुढें कांट्यांच्याही पिना आल्या. इंग्लंडांत पोलादाचे अभिमानी आणि बांबूचे अभिमानी असे तटच पडले होते. बांबूवाल्यांचा आवाज गोड होता ह्यांत शंका नाहीं. पण खरखरीबरोबर त्या पिनेनें जो थोडा उजेड गाण्यांत होता तोही गिळला, हेंही तितकेंच खरें आहे.

१९२५ सालीं विजेनें ध्वनिमुद्रण होऊं लागलें. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या तंत्रज्ञांनीं कर्ण्याच्या जागीं मायक्रोफोन आणिला आणि तबकडीवर एकदम ५,००० कंपनांपर्यंतचा, किंबहुना त्याहूनही कांहीं वरचा ध्वनि उमटूं लागला. सर्वांनीं ह्याचें स्वागत करावें अशी अपेक्षा होती. परंतु लंडनच्या 'ग्रामोफोन' मासिकाचे संस्थापक कॉम्प्टन मॅकेन्झी ह्यांच्यासारख्या जाणत्या श्रोत्यानें उलट खेद व्यक्त केला. त्यांचा आक्षेप असा कीं, नव्या पद्धतींत सकार शकार भलतेच फुगतात आणि अनेक व्हायोलिनें एकत्र वाजूं लागलीं कीं कर्कशपणा येतो. आज तीच तक्रार करणाऱ्या गृहस्थास हें वाचून थोडा दिलासा मिळेल. शंभर वर्षांपूर्वीं एका मासिकाच्या संपादकासही हेंच वाटलें होतें.

ह्या आक्षेपांत तथ्य होतें, पण दोष नव्या स्वरांचा नव्हता. लोक नव्या तबकड्या जुन्या यंत्रांवर वाजवीत होते. जुन्या पडद्याचे व कर्ण्याचे अनुनाद पूर्वीं झोपलेले असत, कारण त्यांना जागें करणारे स्वर तबकडींत नव्हते. आतां ते स्वर आले आणि यंत्र किंचाळूं लागलें. त्याच वर्षाच्या अखेरीस नव्या ध्वनीच्या मापानें घडविलेला, क्रमाक्रमानें रुंदावत जाणाऱ्या घडीच्या कर्ण्याचा ऑर्थोफोनिक व्हिक्ट्रोला बाजारांत आला, आणि त्यावर तीच तबकडी पुष्कळ शांतपणें बोलूं लागली. उंच स्वर तेच होते, त्यांना वाहून नेणारें साधन तेवढें त्यांच्या योग्यतेचें झालें होतें.

तरीही वाद मिटला नाहीं. रेडिओचा प्रसार झाला, स्पीकर सुधारले, आणि यंत्रांवर टोनची खुंटी आली. पुष्कळ घरीं ती खुंटी पिळून 'मृदु' बाजूस नेलेली असे व तेथेंच राही. १९४५ सालीं चिन व आयझेनबर्ग ह्या दोन संशोधकांनीं रेडिओच्या श्रोत्यांची आवड पद्धतशीर तपासून एक निबंध प्रसिद्ध केला. निष्कर्ष तंत्रज्ञांच्या उत्साहावर पाणी ओतणारा होता. बहुसंख्य श्रोत्यांस विस्तृत कंपनमर्यादेपेक्षां संकुचित किंवा मध्यम मर्यादेचा आवाजच अधिक पसंत पडला. 'लोकांना उंच स्वर नकोतच' असें म्हणणाऱ्या पक्षाला ह्याहून बळकट पुरावा कोणता हवा होता?

परंतु ह्याच ठिकाणीं हॅरी ओल्सन ह्या अमेरिकन ध्वनिशास्त्रज्ञानें एक साधा आणि मार्मिक प्रश्न विचारला. श्रोत्यांनीं नापसंत केलें तें नेमकें काय? उंच स्वर, कीं यंत्रांतून आलेले उंच स्वर? ओल्सन ह्यांच्या मतें कारणें तीन असूं शकत होतीं. लोकांचा कान मंद आवाजाला सरावला असेल. किंवा वाद्यांचे वरचे उपस्वर मुळांतच नकोसे असतील. किंवा यंत्र त्या स्वरांत आपल्या पदरची घाण मिसळीत असेल. ह्याचा निर्णय करण्यासाठीं त्यांनीं यंत्रच वगळलें. खोलीच्या एका अंगास खरे वादक बसविले, दुसऱ्या अंगास श्रोते. मध्यें ध्वनि आरपार जाईल पण दृष्टि जाणार नाहीं असा पडदा. आणि पडद्यामागें फिरतां येणारी अशी एक ध्वनीची चाळण, जी लावली कीं ५,००० च्या वरचीं कंपनें अडावीं व काढली कीं मोकळीं सुटावीं. विजेचा तेथें स्पर्श नव्हता. चाळण केव्हां लागली व केव्हां निघाली हें श्रोत्यांस दिसत नव्हतें. १९४७ सालीं प्रसिद्ध झालेला निकाल असा होता कीं, बहुसंख्य श्रोत्यांनीं पूर्ण, न चाळलेला आवाज पसंत केला.

आमच्या मतें घरगुती संगीताच्या इतिहासांत ह्या प्रयोगाचें स्थान फार मोठें आहे. कान उंच स्वरांचा शत्रु नाहीं. त्याला राग आहे तो खोट्या उंच स्वरांचा. ३,००० कंपनांचा एक स्वर सदोष यंत्रांतून गेला तर त्याच्याबरोबर ६,००० व ९,००० कंपनांचे असे सोबती निघतात, जे वाद्यानें कधीं काढलेच नव्हते. दोन स्वर एकत्र गेले तर त्यांच्या बेरजेचे व वजाबाकीचे भलतेच स्वर जन्मतात. संकुचित मर्यादेचा रेडिओ हें सर्व झांकून ठेवी. मर्यादा वाढली कीं संगीताबरोबर हा कचराही दृष्टीस पडे, आणि श्रोता बिचारा दोहोंना एकदमच नको म्हणे. म्हणजे पहिल्या पक्षाचें निरीक्षण खरें होतें, निदान चुकलें होतें. दुसऱ्या पक्षाचें ध्येय खरें होतें, पण यंत्राच्या मुखांतून येणारें सर्वच सत्य आहे हें त्यांचें गृहीत खोटें होतें.

युद्धानंतर दीर्घकाळ वाजणारी तबकडी आली. १९४८ सालीं कोलंबिया कंपनीनें ती बाजारांत आणिली, आणि तिच्याबरोबर तीक्ष्णपणाचें एक नवें कारणही आलें. तबकडीवर खरखर मुख्यतः उंच टापूंत असते. ती दाबण्यासाठीं मुद्रणाच्या वेळीं उंच स्वर मुद्दाम वाढवून कोरतात व वाजवितांना तितकेच उतरवितात. म्हणजे संगीत मूळपदावर येतें आणि खरखर मात्र खालीं जाते. युक्ति उत्तम, पण किती वाढवावें ह्याबद्दल प्रत्येक कंपनीचा हिशेब निराळा होता. एका कंपनीची तबकडी दुसरीच्या हिशेबानें वाजविली कीं ती तीक्ष्ण किंवा मुकी होई. अखेर १९५४ सालीं अमेरिकेंतील ध्वनिमुद्रण-व्यावसायिकांच्या संघानें एकच प्रमाण ठरविलें व तें पुढें जगभर रूढ झालें. त्या प्रमाणाप्रमाणें १०,००० कंपनांचा स्वर १,००० च्या तुलनेनें जवळजवळ पांचपट जोरानें कोरला जातो. म्हणजे प्रत्येक तबकडी मुळांतच लखलखीत असते. तिला मवाळ करणें हा वाजविणाऱ्या यंत्राचा धर्म आहे. त्यांतून सुईचें टोंक झिजलें असेल, तर तबकडीच्या आंतल्या भागांतील दाट रेघांतून तें नीट फिरूं शकत नाहीं आणि नेमका सकारच फाटतो. अशा वेळीं नवा स्पीकर आणून उपयोग नसतो.

ह्याच सुमारास, १९५२ सालीं, पीटर बॅक्सँडॉल ह्या इंग्रज तंत्रज्ञांनीं 'वायरलेस वर्ल्ड' मासिकांत टोनच्या खुंटीची एक नवी मांडणी दिली. ट्रेबल व बेस हे दोन्ही स्वतंत्रपणें, हळुवार आणि उगीच विकृति न वाढवितां कमीजास्त करण्याची ही मांडणी इतकी सोयीची ठरली कीं तिचा उपयोग पुढें असंख्य ॲम्प्लिफायरांत झाला. पूर्वींच्या खुंट्या बहुधा कापीत. ही तोलीत असे. कापणें व तोलणें ह्यांतला भेद लहान वाटतो, पण तंबोऱ्यावरील धाग्याचा विचार करणाऱ्यास तो लहान वाटूं नये.

१९८२ च्या ऑक्टोबरांत जपानमध्यें कॉम्पॅक्ट डिस्क विक्रीस आली. दर सेकंदास ४४,१०० नमुने घेऊन ध्वनि आंकड्यांत मांडणारी ही चकती. तिला खरखर नाहीं, झीज नाहीं. आतां तरी तक्रार संपावी? पण १९२५ सालचीच हकीकत पुन्हां घडली. पुष्कळ श्रोत्यांस आरंभींच्या चकत्या थंड आणि टोंकदार वाटल्या. ह्याचीं कारणें अनेक सांगितलीं गेलीं. त्यांपैकीं एक आमच्या विषयाला लागू पडणारें आहे. टेप आणि तबकडी ह्यांच्या प्रवासांत उंच स्वर थोडे गळतात, म्हणून मुद्रण करणारे लोक उजळ मायक्रोफोन वापरून व वरचा भाग थोडा उचलून ती गळती आधींच भरून काढीत. चकतीनें गळती थांबविली, पण उचलण्याची संवय लगेच थांबली नाहीं. ज्या टेपा तबकडीसाठीं सजविलेल्या होत्या त्याच चकतीवर चढल्या. जुन्या रोगासाठीं दिलेलें औषध रोग गेल्यावरही चालूं ठेवलें कीं तेंच रोग होतें, त्यांतला हा प्रकार.

मुद्रण करणाऱ्यांच्या ह्या संवयीचा एक मौजेचा दाखला आहे. यामाहा कंपनीनें १९७८ सालीं एनएस-१० नांवाचा लहान स्पीकर घरगुती वापरासाठीं काढला. घरांत त्याचें कौतुक झालें नाहीं. तो फार उजळ ठरला. पण स्टुडिओंत मात्र त्यानें ठाण मांडलें, कारण त्यावर चांगलें वाजलेलें गाणें इतरत्रही चांगलें वाजतें असा मुद्रकांचा अनुभव होता. तरीही त्याची धार असह्य होई, म्हणून त्याच्या ट्वीटरवर, म्हणजे उंच स्वरांच्या लहान स्पीकरवर, साधा टिश्यू कागद चिकटविण्याची प्रथा पडली. बॉब होडास ह्या तज्ज्ञांनीं तर निरनिराळ्या जातीचे कागद लावून मोजणी केली. कागद बदलला कीं परिणाम बदलतो आणि त्यानें आवाज सरळपणें मऊ होण्याऐवजीं ओबडधोबड होतो, असें त्यांस आढळलें. पुढें १९८७ सालीं कंपनीनें स्टुडिओसाठीं सुधारून काढलेल्या आवृत्तींत उंच स्वरच मवाळ केले, आणि कागदाची गरज संपली.

वाचकांनीं ह्यांतला पेंच पाहावा. मुद्रक ज्या स्पीकरवर ऐकतो त्याच्या गुणदोषांप्रमाणें तो गाण्याचा तोल ठरवितो. त्याचा स्पीकर मंद असेल तर गाणें उजळ होतें; उजळ असेल तर मंद होतें. मग तेंच गाणें वाजवून आपण दुकानांत स्पीकरची परीक्षा करतों. स्पीकरवरून गाणें जोखावयाचें आणि गाण्यावरून स्पीकर! कॅनडांतील राष्ट्रीय संशोधन संस्थेंत ह्या विषयावर अनेक वर्षें काम केलेले फ्लॉइड टूल ह्यांनीं ह्याला घोटाळ्याचें वर्तुळ अशा अर्थाचें नांव दिलेलें आहे. तेव्हां घरांतील तीक्ष्णपणा आपल्याच यंत्राचा असें समजून ताबडतोब तें विकावयास काढणें शहाणपणाचें नाहीं. दहा निरनिराळ्या ठिकाणचीं, निरनिराळ्या काळचीं मुद्रणें ऐकावींत. त्यांतलीं दोनच टोचत असतील तर दोष मुद्रणाचा. दहाच्या दहा टोचत असतील तर दोष घरचा.

आणि घरचा दोष म्हणजे यंत्राचाच असेंही नव्हे. येथें इतिहासांत थोडें मागें जावें लागेल. १८९५ सालीं हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयांतील नवें व्याख्यानगृह उघडलें, पण तेथें वक्त्याचा शब्द समजेना. हें कोडें वॉलेस सॅबिन ह्या तरुण प्राध्यापकाकडे आलें. ऑर्गनची एक नळी, सेकंदांचें घड्याळ आणि जवळच्या नाट्यगृहांतून उसन्या आणलेल्या बैठकांच्या गाद्या, एवढ्या सामग्रीवर त्यानें रात्रीच्या शांततेंत मोजण्या केल्या. रिकाम्या खोलींत नळीचा आवाज बंद केल्यावरही सुमारें साडेपांच सेकंद ऐकूं येई. गाद्या मांडीत जावें तसतसा तो निनाद घटत गेला, आणि खोली गाद्यांनीं भरली तेव्हां तो एका सेकंदाच्या आसपास आला. ह्यांतून सॅबिन ह्यांचा प्रसिद्ध नियम निघाला. खोलीचें घनफळ आंत असलेल्या शोषक पृष्ठानें भागून ०.१६१ नें गुणावें, म्हणजे निनादाचे सेकंद मिळतात. १९०० सालीं उघडलेलें बॉस्टनचें सिंफनी हॉल ह्याच ज्ञानावर उभें आहे.

हा नियम आपल्या दिवाणखान्यास लावून पाहूं. ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच खोलीचें घनफळ ६० घनमीटर होतें, व भिंती, जमीन आणि छत मिळून पृष्ठ ९४ चौरस मीटर भरतें. गिलाव्याच्या भिंती आणि फरशी पडलेल्या ध्वनीपैकीं शेंकडा दोनतीन हिस्साच शोषतात; बाकीचा परत फेंकतात. शेंकडा ३ धरले तर शोषण पावणेतीन चौरस मीटरांइतकें, आणि निनाद जवळजवळ साडेतीन सेकंद! हा हिशेब केवळ अदमासाचा आहे, पण रिकाम्या नव्या घरांत टाळी वाजविली असतां जो टणत्कार उठतो तो त्याची साक्ष देईल. आतां त्याच खोलींत चुण्यांचा जाड पडदा, सतरंजीवर जाड गालिचा, कापडी कोच आणि चार माणसें आणा. ह्या सर्वांनीं मिळून आणखी १७ चौरस मीटरांचें शोषण दिलें, तर निनाद अर्ध्या सेकंदावर येतो. यंत्र तेंच, तबकडी तीच. धार मात्र उतरली.

महाराष्ट्रांतील पुष्कळ घरांतून आज शहाबादी किंवा चकचकीत फरशी, कांचेच्या मोठ्या खिडक्या आणि उघड्या भिंती दिसतात. हवामानाला तें सोयीचें आहे, पण उंच स्वरांना त्यांत विसांवा नाहीं. जुन्या बैठकींत गाद्या, लोड, तक्के आणि दाटीनें बसलेली मंडळी असत. गाण्याची बैठक तेथें रंगे ह्याचें श्रेय गवयाचें खरेंच, परंतु थोडें त्या लोडांनाही द्यावें लागेल. मात्र एक सावधगिरी हवी. पातळ कापड किंवा पातळ स्पंज सर्वत्र चिकटविला तर केवळ वरचे स्वर शोषले जातात आणि खर्जाचा घुमारा तसाच राहतो. खोली मग तीक्ष्णाऐवजीं कोंदट होते. पुस्तकांनीं भरलेलें कपाट, जाड गादी, भिंतीपासून थोडा दूर सोडलेला पडदा ह्यांचा परिणाम अधिक समतोल असतो.

खोलीचें आणखी एक मर्म १९७४ सालीं डेन्मार्कच्या ब्र्यूएल व क्येर कंपनीचे हेनिंग म्योलर ह्यांनीं मांडलें. चांगल्या खोलींत श्रोत्याच्या जागीं मोजलेला ध्वनि खालपासून वरपर्यंत सपाट नसावा, तो उंच स्वरांकडे हळूहळू उतरत जावा. हें स्वाभाविकच आहे. १०० कंपनांच्या लहरीची लांबी सुमारें साडेतीन मीटर असते, ती चोहोंकडे पसरते. १०,००० कंपनांच्या लहरीची लांबी साडेतीन सेंटिमीटरांहूनही किंचित् कमी, ती झोतासारखी पुढें जाते आणि वाटेंत लौकर शोषली जाते. खोलींतही स्वर सपाट करण्याचा हट्ट धरणारा मनुष्य न कळत आपल्या हातानें धार लावीत असतो. हल्लीं मायक्रोफोननें खोली मोजून आपोआप सुधारणा करणारीं यंत्रें मिळतात. त्यांना कोणतें चित्र गांठावयास सांगितलें आहे हें त्यामुळेंच पाहावें लागतें.

ह्या सर्व इतिहासावरून उपायांचा क्रम आपोआप ठरतो. आधीं टाळी वाजवून खोली ऐकावी आणि तिला कांहीं पांघरूण द्यावें. मग स्पीकरांचें तोंड थेट कानावर रोखलेलें असल्यास तें थोडें वळवावें. उंच स्वर झोतासारखे जात असल्यामुळें एवढ्यानेंही पुष्कळ फरक पडतो. तबकडी वाजविणाऱ्यांनीं सुई तपासावी. त्यानंतर टोनच्या खुंटीस हात घालावा, आणि तोही बेताचा. खुंटी वापरण्यांत कमीपणा आहे असें जें कांहीं शौकीन मानतात त्यास इतिहासाचा आधार नाहीं, कारण तबकडी स्वतःच वाढवून कोरलेली व उतरवून वाजविलेली असते. आवाज हलका ठेवून ऐकण्याची संवय असेल तर थोडा खर्ज वाढविणें अधिक योग्य, कारण मंद आवाजांत कानाला खर्ज लवकर दिसेनासा होतो आणि उरलेलें गाणें उगीच धारदार भासतें. नवें यंत्र हा शेवटचा उपाय.

आणि निवाडा एकाच्या कानानें करूं नये. वयोमानानें उंच स्वर ऐकूं येईनासे होतात. आजोबांस जें गोड वाटतें तें नातीस टोचत असेल, आणि तिची तक्रार खरी असेल. घरांतील सर्वांनीं तासभर बसून ऐकावें, आणि कोणासही आवाज कमी करावासा वाटला नाहीं तर काम साधलें असें समजावें. ओल्सन ह्यांचा पडदा हेंच सांगतो कीं, सामान्य श्रोत्याचा कान शुद्ध धारेला भीत नाहीं. त्याला न टोचणारी पण बोथटही न झालेली धार देणें हें यंत्रकाराचें, मुद्रकाचें आणि गृहस्थाचें सामाईक काम आहे. आणि त्यांतला गृहस्थाचा वाटा, पाहूं गेलें तर, पुष्कळदां एका जाड पडद्याचा व थोड्या धीराचा असतो.